‘प्रौढ’ म्हणजे नक्की कोण? कन्कशनवरचं संशोधन वाचताना



पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं की गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “लिटरेचर किती वाचलं?” आपण पटकन पेपरांची संख्या सांगतो. साठ वाचले, ऐंशी वाचले. पण त्यातला एखादा पेपर नेमका कुणावर केला होता, असं विचारलं की बहुतेकांची गाडी अडते. आज याच एका प्रश्नासाठी मी एक उदाहरण घेणार आहे. विषय आहे कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागल्यावर मेंदूला बसणारा हादरा, आणि तो मोठ्या माणसांमध्ये कसा तपासतात, त्यातून माणूस कसा बरा होतो हे सांगणारं संशोधन. मी डॉक्टर नाही, पीएचडी करणारी विद्यार्थिनी आहे. त्यामुळे हा लेख उपचाराचा सल्ला म्हणून वाचू नका. संशोधन कसं वाचावं याचा हा एक धडा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कन्कशनबद्दल ‘प्रौढांसाठी’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला बराच भाग तरुण खेळाडूंवरच्या अभ्यासातून उसना घेतलेला आहे. उसनं घेण्यात गैर काही नाही. पण उसनं घेतलंय हे सांगितलं नाही, तर त्याचा भुर्दंड रुग्णाला पडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

आपल्याकडे ‘मुका मार’ असा छान शब्द आहे. रक्त नाही, जखम नाही, पण आत दुखतंय. कन्कशन हा मेंदूचा मुका मार समजा. डोकं दुखणं, गरगरणं, उजेड आणि आवाज सहन न होणं, लक्ष न लागणं, आठवणीत गोंधळ, झोप बिघडणं, चिडचिड ही त्याची लक्षणं. शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही, उलट बहुतेकांची हरपत नाही. यासाठी ‘सौम्य मेंदू-इजा’ असाही शब्द वापरतात. अमेरिकेतल्या पुनर्वसन-वैद्यक परिषदेने २०२३ मध्ये नवी व्याख्या दिली. त्यात स्कॅन नॉर्मल असेल किंवा स्कॅनची गरजच नसेल, तर दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरायला हरकत नाही, असं म्हटलंय.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य घ्या: “सीटी स्कॅन नॉर्मल आहे, काही झालेलं नाही.” यातला पहिला भाग निरीक्षण आहे, दुसरा निष्कर्ष आहे, आणि पहिल्यावरून दुसरा निघत नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधतो. कन्कशन त्यात दिसत नाही. स्कॅन कुणाचा करावा हे ठरवणारा प्रसिद्ध ‘कॅनेडियन सीटी हेड रूल’ २००१ मध्ये ३१२१ रुग्णांच्या अभ्यासातून तयार झाला. वय ६५ किंवा जास्त असणं, दोन किंवा जास्त उलट्या, दोन तासांनंतरही पूर्ण भानावर न येणं, कवटी फुटल्याची चिन्हं, मार लागण्याआधीचा अर्धा तास किंवा त्याहून जास्त काळ न आठवणं, गाडीची धडक किंवा उंचावरून पडणं असे त्याचे मुद्दे. हा नियम चांगला आहे. पण तो उत्तर देतो ते एकाच प्रश्नाचं: स्कॅन करावा का? ‘हा माणूस कधी कामावर जाऊ शकेल?’ हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नव्हता. शिवाय त्याचे वगळण्याचे निकष बघा. १६ वर्षांखालची मुलं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण त्या अभ्यासातच नव्हते. म्हणजे हृदयविकारासाठी अशी गोळी घेणारे आजोबा न्हाणीघरात घसरून पडले, तर या नियमावर बोट ठेवून “स्कॅन नको” म्हणता येत नाही.

रक्ततपासणीचंही तेच. २०१८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफडीएने रक्तातल्या दोन प्रथिनांवर आधारलेल्या एका तपासणीला मान्यता दिली आणि ‘कन्कशनची रक्ततपासणी आली’ अशा बातम्या झळकल्या. मूळ अभ्यास १९५९ रुग्णांचा. त्यात मोजलं होतं ते असं: सीटीमध्ये इजा दिसेल की नाही, हे रक्तावरून आधीच सांगता येतं का? इजा दिसणाऱ्यांपैकी ९७.६ टक्के लोक तपासणीने बरोबर पकडले. उत्तम. पण कन्कशन आहे की नाही, हे त्या अभ्यासात मोजलेलंच नाही. बातमीतलं नाव एक आणि मोजलेली गोष्ट दुसरी, हा फरक ओळखायची सवय आत्तापासून लावून घ्या.

ज्याची टीका करायची तो मजकूर

कन्कशनच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त वजन असलेला दस्तऐवज म्हणजे ‘खेळातील कन्कशन’ या विषयावरचं आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदन. पहिली परिषद व्हिएन्नात २००१ मध्ये झाली, मग प्राग, दोनदा झुरिक, बर्लिन, आणि सहावी ॲमस्टरडॅमला ऑक्टोबर २०२२ मध्ये. तिचं निवेदन जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

आधी चांगलं काय ते बोलू, कारण टीका म्हणजे नुसते दोष काढणं नव्हे. या निवेदनामागे दहा पद्धतशीर आढावे आहेत. ‘अंधाऱ्या खोलीत पडून राहा’ हा जुना सल्ला त्यांनी स्पष्टपणे बाजूला सारला. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे रोजची हलकी हालचाल चालेल, स्क्रीन कमी. त्यानंतर चालण्यासारख्या व्यायामाने सुरुवात आणि टप्प्याटप्प्याने वाढ. लक्षणं किंचित वाढली तरी लगेच घाबरायचं नाही. दहापैकी दोन गुणांपर्यंत आणि तासाभराच्या आत ओसरणारी वाढ चालते. चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ टिकली तर ती ‘रेंगाळलेली लक्षणं’ समजून वेगळी तपासणी करायची. हे सगळं स्पष्ट आणि वापरता येण्याजोगं आहे.

मग अडचण कुठे? शीर्षकातच बघा: ‘खेळातील’. निवेदन लिहिणाऱ्यांनी आपली हद्द प्रामाणिकपणे सांगितली आहे. पण हद्द ओलांडून ते वापरणारे आपण आहोत. दुचाकीवरून पडलेल्या बेचाळीस वर्षांच्या माणसाला, परातीवरून पाय घसरलेल्या काकूंना, बांधकामाच्या परांचीवरून पडलेल्या मजुराला आपण तेच आकडे सांगतो.

सात दिवस कुणाचे?

“आठवडा-दहा दिवसांत बरं वाटेल” हे वाक्य कुठून आलं असेल? त्यामागच्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक २००३ चा आहे. अमेरिकेतल्या १५ महाविद्यालयांतले १६३१ फुटबॉल खेळाडू (तिथलं फुटबॉल, हेल्मेट घालून खेळायचं). त्यातल्या ९४ जणांना कन्कशन झालं. त्यांची लक्षणं साधारण सातव्या दिवसापर्यंत ओसरली, तोल त्याच्याही आधी सावरला. अभ्यास पक्का होता. हंगामाआधीच प्रत्येकाची चाचणी घेऊन ठेवली होती, त्यामुळे ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना करता आली, आणि इजा न झालेल्या खेळाडूंचा तुलना-गटही होता.

पण हे ९४ जण कोण? विशीतली, तंदुरुस्त, मैदानावर वैद्यकीय पथक हजर असलेली मुलं. सगळी पुरुष. आणि पुन्हा खेळायला मिळावं म्हणून लक्षणं कमी सांगण्याचा मोह असणारी.

आता शेजारी दुसरा अभ्यास ठेवा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॉमा केंद्रांमधला ‘ट्रॅक-टीबीआय’ प्रकल्पाचा निष्कर्ष आला. सौम्य मेंदू-इजा झालेले ११५४ जण, सरासरी वय चाळिशीचं. बहुतेकांना मार लागला तो रस्त्यावरच्या अपघातात किंवा पडून. बारा महिन्यांनंतर त्यातले ५३ टक्के लोक आधीसारखे पूर्ण कामकाजी झालेले नव्हते.

सात दिवस आणि बारा महिने! एकाच आजाराचे हे दोन आकडे? इथे नवखा विद्यार्थी दोन चुका करू शकतो. पहिली, जुना अभ्यास खोटा ठरवणं. दुसरी, ५३ टक्के हा आकडा डोळे झाकून सिनॉप्सिसमध्ये टाकणं. दोन्हींपासून वाचवतो तो ट्रॅक-टीबीआयमधला तुलना-गट. त्यांनी हातपाय मोडलेले, पण डोक्याला मार न लागलेले २९९ रुग्णही घेतले होते. बारा महिन्यांनी त्यातलेही ३८ टक्के लोक पूर्ववत झालेले नव्हते. म्हणजे ५३ मधला मोठा वाटा हा मुळात अपघाताचाच आहे: दुखणं, बुडालेली रोजी, धास्ती, मोडलेली झोप. मेंदूच्या इजेशी जोडता येईल असा फरक सुमारे १५ टक्के-अंकांचा. तो लहान नाही, पण ५३ ही नाही.

आणखी एक. या केंद्रांत सीटी स्कॅनची गरज वाटली असेच रुग्ण अभ्यासात घेतले होते. म्हणजे घरीच गोळी खाऊन झोपलेले लोक त्यात नाहीत. तो नमुना जरा जड बाजूला झुकलेला, खेळाडूंचा नमुना हलक्या बाजूला. आपल्या गल्लीतला माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि नेमका कुठे ते दोन्हींपैकी एकही पेपर सांगू शकत नाही.

विश्रांतीची गोष्ट

उसनवारीचा सगळ्यात बोलका नमुना विश्रांतीचा आहे. २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये १०७ रुग्णांवर यादृच्छिक प्रयोग झाला. पंधरा वर्षांवरचे, म्हणजे बहुतांश मोठी माणसं. एका गटाला सहा दिवस पलंगावर पूर्ण विश्रांती, दुसऱ्याला नाही. तीन आणि सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत पडून राहिल्याने थोडा आराम वाटला असेल, पण बरं होणं काही लवकर झालं नाही.

म्हणजे मोठ्या माणसांवरचा पुरावा २००२ मध्येच हातात होता. तरी २००८ च्या झुरिक निवेदनात शारीरिक आणि बौद्धिक विश्रांती हाच उपचाराचा पाया होता. वारं फिरायला आणखी काही वर्षं गेली. २०१५ मध्ये अमेरिकेत ११ ते २२ वयाच्या ८८ जणांवरचा प्रयोग आला. पाच दिवस कडक विश्रांती सांगितलेल्या गटाने उलट जास्त लक्षणं सांगितली. मग २०१९ मध्ये १३ ते १८ वयाच्या १०३ खेळाडूंवरचा प्रयोग आला. लक्षणं वाढवणार नाही इतपत रोज वीस मिनिटं व्यायाम करणारे १३ दिवसांत बरे झाले, नुसतं स्ट्रेचिंग करणारे १७ दिवसांत.

हे प्रयोग चांगलेच आहेत. पण क्रम बघा. मोठ्या माणसांवरच्या पुराव्याचा आवाज फारसा झाला नाही, आणि किशोरवयीन मुलांवरच्या पुराव्याने सगळ्यांचा सल्ला बदलला. सुदैवाने या वेळी दोन्हींची दिशा एकच निघाली. पण दिशा जुळली म्हणून मात्रा जुळते असं नाही. सोळा वर्षांच्या धावपटूला चार दिवसांचा फायदा झाला. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या, मान आखडलेल्या, दोन पाळ्यांत काम करणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला किती होईल? हा प्रश्न त्या प्रयोगाने विचारलेलाच नाही.

तक्त्यातला माणूस

तपासणीच्या साधनाकडे वळू. ‘स्कॅट’ नावाची चाचणी या परिषदांमधून घडत आली. आता तिची सहावी आवृत्ती आहे, आणि ती १३ वर्षं व त्यावरील सगळ्यांसाठी एकच आहे. तेरा वर्षांची मुलगी आणि साठ वर्षांचे काका, दोघांना एकच कागद!

त्यात २२ लक्षणांचा तक्ता असतो, प्रत्येकाला शून्य ते सहा गुण. थकवा, झोप नीट न लागणं, चिडचिड, लक्ष न लागणं, मान दुखणं. आता सांगा, सबमिशनच्या आठवड्यात तुमच्यापैकी कुणाला यातलं एकही नसतं? मार न लागलेली माणसंही यातले काही गुण आरामात मिळवतात. खेळाडूंचा हंगामाआधीचा आकडा निदान कधीतरी घेतलेला असतो. दुचाकीस्वाराचा ‘आधीचा’ आकडा कुणाकडे असणार?

१९९२ मधला एक अभ्यास इथे जरूर वाचा. ज्यांना डोक्याला कधी मार लागला नव्हता अशा लोकांना सांगितलं, कल्पना करा की तुम्हाला अपघात झालाय, काय काय होईल? त्यांनी सांगितलेली लक्षणं खऱ्या रुग्णांच्या यादीशी बरीचशी जुळली. याचा अर्थ रुग्ण ढोंग करतात असा अजिबात नाही. अर्थ एवढाच की अपेक्षाही लक्षणं घडवते, आणि डॉक्टरच्या तोंडून निघालेला आकडा ही अपेक्षाच असते.

याच चाचणीत मैदानावर विचारायचे प्रश्न आहेत. शेवटचा गोल कुणी केला, मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलात, जिंकलात का. सिग्नलला टेम्पोने उडवलेल्या माणसाला हे विचारून कसं चालेल? दवाखान्यात ते प्रश्न बदलतात हे खरं, पण चाचणी कुणाला डोळ्यासमोर ठेवून शिवली आहे ते यावरून कळतं.

भाषेचा मुद्दा तर आपल्या हक्काचा. दहा शब्द ऐकून परत सांगणं, महिने उलट्या क्रमाने म्हणणं. मराठी माध्यमात शिकलेला मुलगा ‘डिसेंबर, नोव्हेंबर’ म्हणेल. चैत्र-वैशाखावर वर्ष मोजणाऱ्या आजीला ‘फाल्गुन, माघ, पौष’ असं उलटं म्हणायला सांगितलं तर? दोन्हींना लागणारा वेळ सारखाच असेल, असं कशावरून? शब्दांचं भाषांतर एका दुपारी होतं. ते भाषांतर तेच मोजतंय का, हे तपासायला स्वतंत्र अभ्यास लागतो. आपल्या देशात हे काम नीट झाल्याचं उदाहरण आहे. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी हरियाणातल्या बल्लभगढमध्ये शिक्षण न मिळालेल्या ज्येष्ठांसाठी हिंदी चाचणी घडवली गेली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ‘हे वाक्य वाचा आणि डोळे मिटा’ ऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा’, आणि ‘एक वाक्य लिहा’ ऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा’. भाषांतराच्या पुढे गेलेलं काम म्हणतात ते हे. कन्कशनसाठी मराठीत असं काम करणं हा एक अख्खा पीएचडीचा विषय आहे. घ्या कुणीतरी!

आणि बायका कुठे आहेत?

२०२२ मध्ये काही संशोधकांनी कन्कशनवरच्या तीन वजनदार निवेदनांमागचे मूळ अभ्यास मोजले. त्यातले सुमारे ८० टक्के सहभागी पुरुष होते, आणि सुमारे ४० टक्के अभ्यासांत एकही स्त्री नव्हती. ट्रॅक-टीबीआयच्या २०२१ च्या विश्लेषणात मात्र स्त्रियांची लक्षणं वर्षभरानंतर पुरुषांपेक्षा जास्त आढळली, विशेषतः ३५ ते ४९ या वयात. म्हणजे ज्या गटाला जास्त त्रास होण्याची शक्यता, तोच गट मूळ पुराव्यात सगळ्यात कमी. आपल्याकडे दुचाकीवर मागे बसणाऱ्या, अनेकदा हेल्मेट न घातलेल्या बायका आठवा, म्हणजे या आकड्याचं वजन कळेल.

मग करायचं काय?

खेळाडूंवरचं संशोधन टाकून द्यायचं का? नाही. मोठ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शनही उपलब्ध आहे. कॅनडातल्या ओंटारियो न्यूरोट्रॉमा फाउंडेशनची २०१८ ची तिसरी आवृत्ती खास १८ वर्षांवरील लोकांसाठी, रेंगाळलेल्या लक्षणांसकट लिहिलेली आहे. निवेदन कोणतंही उचला, पण संदर्भसूचीत उतरून हे चार प्रश्न विचारा:

१. नमुन्यात कोण होतं? वय, स्त्री-पुरुष, इजा कशामुळे झाली.
२. कुणाला वगळलं? तो परिच्छेद सगळे गाळतात, आणि खरी माहिती तिथेच असते.
३. ‘बरं होणं’ म्हणजे काय मोजलं? लक्षणं शून्य, मैदानावर परत, की कामावर परत?
४. तुलना कुणाशी केली? इजा नसलेल्यांशी, दुसरी इजा असलेल्यांशी, की कुणाशीच नाही?

हे प्रश्न फक्त परीक्षकासाठी नाहीत. सहाव्या आठवड्यातही डोकं दुखणारा एखादा चाळिशीतला माणूस डोळ्यासमोर आणा. सात दिवसांचा आकडा त्याला सांगितलेला, स्कॅन नॉर्मल. साहेब म्हणतात नाटकं करतोय, घरचे म्हणतात मनावर घेतोय, आणि हळूहळू त्यालाही वाटायला लागतं की आपलंच काहीतरी बिनसलंय. त्याच्या शरीरापेक्षा त्याला सांगितलेल्या आकड्यात घोटाळा असू शकतो. तो आकडा विशीतल्या फुटबॉलपटूंचा होता, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. उलट ‘निम्म्या लोकांना वर्षभर त्रास होतो’ असं सांगून त्याला घाबरवणं हेही तितकंच चुकीचं. प्रामाणिक उत्तर थोडं लांबलचक आहे: बहुतेक जण सुधारतात, वेग माणसागणिक वेगळा असतो, पहिल्या दोन दिवसांनंतर हळूहळू हालचाल वाढवणं बहुधा फायद्याचं, आणि महिना उलटला तर पुन्हा दाखवायचं, लाजायचं नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही नमुन्यावर अवलंबून नाही. डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या, वाढती गुंगी, आकडी, एका बाजूचा अशक्तपणा, बोलताना अडखळणं, वाढत जाणारी डोकेदुखी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त यातलं काहीही दिसलं, किंवा माणूस रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट इस्पितळ गाठा.

बाकी, तुमच्या विषयातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा पेपर आज रात्री उघडा आणि त्यातली ‘सहभागी’ ही उपशीर्षकाखालची एकच ओळ वाचा. तिथे कोण आहे आणि कोण नाही, ते खाली लिहा. पुढच्या लेखात त्यातली दोन-तीन उदाहरणं घेऊन बोलू.